आज आमच्या आळीची पाळी

रेल्वे स्टेशनातल्या तिकीट खिडकीमागचा कारकून कान देऊन ऐकत होता. बाहेरच्या बाकावर रस्त्याच्या कामावरचा मुकादम सावलीला टेकला होता. शेजारी एक आजी.

“आजी, ही गाडी आता बंद होणार. तोट्यात आहे म्हणे.”

“आणि तुझा रस्ता? तो नफ्यात आहे?”

“रस्त्याला कोण नफा विचारतो? ती लोकांची सोय.”

“मग गाडीत काय गुरं बसतात?”

“दिवसाला चाळीस तिकिटंसुद्धा खपली नाहीत, तर सरकार पैसे कशाला ओतेल?”

“खपतात की! आज आमच्या आळीची पाळी.”

“कसली पाळी? निघालात कुठं?”

“कुठंच नाही. तिकीट काढलं, आता घरी जाईन. सून मात्र ह्याच गाडीनं दवाखान्यात कामाला जाते.”

मुकादम उठून खिडकीशी आला.

“आज किती खपली?”

“एकोणचाळीस.”

“एक द्या.”

“कुठलं?”

“कुठलंही द्या हो. माझा रोलर बाहेर उभा आहे.”