शेपटीचा पीळ

ब्लांका : …आणि अभिप्रायाच्या तिसऱ्याच ओळीत तुम्ही सापडलात! म्हणे निनावी परीक्षक! "विषाणूची शेपूट म्हणजे दुकानातला स्क्रू नव्हे." अख्ख्या ब्रनो शहरात हे वाक्य दुसरं कोण बोलतं, बाई?

लिबुशे : बूट काढ. सपाता दाराशी आहेत.

ब्लांका : मी बसायला आलेली नाही.

लिबुशे : मग उभी राहून भांड, पण सपाता घालून. आणि ती अळंबी तुडवू नकोस, वाळत घातलीत.

ब्लांका : माझा शोधनिबंध तुम्ही परत पाठवायला लावलात! डिसेंबरात माझा करार संपतोय. हा छापून आला नाही तर मला घरी बसवतील, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. या विषाणूच्या नादाला मला लावलं कोणी? तुम्हीच ना?

लिबुशे : जे लिहिलं ते शास्त्राला धरून लिहिलं.

ब्लांका : कसलं शास्त्र! विषाणू जिवाणूवर बसतो, त्याच्या शेपटीला पीळ असतो. तो उजवा की डावा, एवढाच प्रश्न. तुम्ही नवराबायकोंनी उजवा छापलात. मी नव्या सूक्ष्मदर्शकाखाली अणू न् अणू तपासला, डावा निघाला. पुन्हा केलं, पुन्हा डावा. पाठ्यपुस्तकात उलटा, संस्थेच्या दारावरच्या त्या पितळी शेपटीतसुद्धा उलटा!

लिबुशे : आवाज खाली. शेजारचा हाव्लिक कुत्र्यासकट कुंपणाशी येऊन उभा राहील.

ब्लांका : राहू दे! एवढंच सांगा, मी चुकले का?

लिबुशे : सुरी दे ती इकडे.

ब्लांका : बाई, मी चुकले का?

लिबुशे : नाही.

ब्लांका : काय?

लिबुशे : नाही चुकलीस. डावाच आहे. ओताकार गेला त्या हिवाळ्यात माझ्या ध्यानात आलं.

ब्लांका : माहीत होतं? माहीत असून माझ्या निबंधावर काट मारलीत? लाज नाही वाटली?

लिबुशे : वाटली! आता तोंड सांभाळ. नवरा होता माझा. फोटो त्याने काढले, गणित मी केलं. फिल्म उपडी पडली की चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. तुम्हाला काय कळणार, तुमच्या पिढीने फिल्म बघितलीच नाही. तेव्हा तो पिऊन यायचा. त्याने ती माझ्या हातात उपडी दिली. जन्मभर लोक त्याला लिबुशेचा नवरा म्हणाले. त्याच्या नावावर काय उरलंय? हा एक पीळ. तोही मी काढून घेऊ? माझा नवरा गाढव होता म्हणून दवंडी पिटू?

ब्लांका : म्हणून माझ्या पोटावर पाय?

लिबुशे : तुला दुसरी नोकरी मिळेल. त्याला दुसरा जन्म कोण देणार आहे?

ब्लांका : वा! मेलेल्याची अब्रू राखायला मी मरायचं. मग हे बघाच. संस्थेच्या तळघरातून शोधून आणलीय. तीच फिल्म. धरा उजेडाला. कोपऱ्यात काय खरवडलंय?

लिबुशे : त्याची खूण. प्रत्येक फिल्मवर सुईने काहीतरी खरडायची खोड होती त्याला.

ब्लांका : काहीतरी नाही, इंग्रजी एल. तुमच्या नावाचा. सुलटी बाजू वर असली की एलचा पाय उजवीकडे. स्वतःचा ओ काढला असता तर दोन्हीकडून सारखाच दिसला असता, म्हणून तुमचा काढला. आता भिंतीवरचं ते चित्र बघा. छापलेलं.

लिबुशे : चष्मा दे.

*(लिबुशे चष्मा लावून भिंतीवरच्या चित्राजवळ जाते.)*

ब्लांका : दिसलं?

लिबुशे : पाय डावीकडे आहे.

ब्लांका : त्यांनी कशीही दिली असती तरी खूण होती. फिल्म चित्र उतरवायच्या यंत्रात घातली कोणी?

लिबुशे : मी. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाही मी.

ब्लांका : खुणेकडे बघितलंच नाहीत.

लिबुशे : ही चौकट त्यानेच केली गं. जेवताना समोर दिसावी म्हणून इथे टांगली. रोज हिच्यासमोर बसून सूप प्यायचा. त्याला दिसलं असणार. दिसलंच असणार! बोलला का नाही मेला? एवढ्यातेवढ्यावरून माझ्याशी भांडायचा, हे तेवढं गिळून बसला!

ब्लांका : बाई, बसा जरा.

लिबुशे : आणि मी दर वेळी त्याच्या थडग्यावर फुलं ठेवून म्हणायची, जा, तुला माफ केलं.

ब्लांका : पाणी आणू?

लिबुशे : नको. संपादकाला फोन लाव. मत मागे घेते म्हणून मीच सांगते. आणि तुझ्या निबंधात एक ओळ वाढव.

ब्लांका : कोणती?

लिबुशे : ओताकारची फिल्म सुलटी होती.