कानातल्याची खूण

तुम्ही म्हणता ना, मला स्टेजची भीती वाटत नाही? ऐका मग.

किसनदादा उरणकडचा. हळदीच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो, पण जीव सगळा जॅझमध्ये. पनवेलला आमचा संथ प्रेमगीतांचा पहिलाच कार्यक्रम होता, मी गाणार आणि तो साथीला. मी त्याला सांगून ठेवलं, "मी कानातलं चाचपलं की तू अजून एक फेरा वाजव. मला तेवढाच दम खाता येतो."

"ध्यानात हाय. पन सारखी चाचपू नको, ताई."

मुखडा झाला, त्याचं वाजवून झालं, आणि अंतऱ्याच्या तोंडाशी माझे शब्दच गेले. पहिल्या रांगेत सासूबाई. मी कानातलं चाचपलं. त्यानं फेरा घेतला. शब्द येईनात. पुन्हा चाचपलं. लोक खुशीत टाळ्या वाजवतायत, ह्याचा चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा फुगलेल्या, आणि माझा हात काही कानावरून खाली येईना.

शेवटी त्यानं सॅक्सोफोन खाली घेतला, माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच्या मोकळ्या कानाची पाळी चाचपली.

घाबरून मी तोंड उघडलं, तर अंतरा आपसूक बाहेर आला.

पडदा पडल्यावर धापा टाकत म्हणतो, "ताई, पुढच्या टायमाला डूल मी घालनार."