म्हाळाप्पाची विरळणी

मंडळी, एक सांगा — दया म्हणजे काय? कुणाच्याच मुळाला हात न लावणं, ही दया का? नुसत्या माना डोलवू नका! आधी म्हाळाप्पाचं ऐका.

म्हाळाप्पा माळकरी. मुंगी दिसली की पाऊल हवेत! एकदा मुंग्यांची रांग सरेपर्यंत एका पायावर उभा. बायको सुंदराबाई म्हणाली, "बगळा बरा, त्याला मासा तरी गावतो."

रब्बीची पेरणी आली. ज्वारीचं बी सुंदराबाईनं निवडलं — हलक्या माळावर लवकर येणारं वाण, खाली काळ्या रानात मालदांडी. तेवढं ऐकलं त्यानं. पण हात सढळ! एकराला चार किलो पुरतं, ह्यानं आठ ओतलं. ज्वारी उगवली ती जावळासारखी दाट.

पंधराव्या दिवशी सुंदराबाई विरळणीला बसली. दाटीतली रोपं काढायची, जागा सोडून एकेक ठेवायचं. म्हाळाप्पा धावला — "अगं, जित्या जिवाला उपटतीस?"

"न्हाई उपटलं तर दाणा न्हाई, कडबा न्हाई. मग हरण्याला बाजार दावा."

हरण्या त्याचा बैल, जीव की प्राण! तरी म्हणाला, "मी हितं रोज जप करीन. देव पिकवील."

आणि बसला की रोज, काळ्या रानाच्या मधोमध, उगवतीला तोंड करून. हातात माळ, नजर पिकावर — बायको उपटतीय का? हसू नका मंडळी, आपला जप काय निराळा असतो?

सुगीला बघतो तर काय! रान एक, बी एक. उगवतीला नुसत्या काड्या, कणसं उंदराच्या शेपटीएवढी. मावळतीला कणीस मुठीत मावेना.

"सुंदरे, देवानं उलटंच केलं! तोंड तिकडं काड्या, पाठ तिकडं मोती!"

"देव तुमच्या पाठीमागं विरळत बसला हुता," सुंदराबाई म्हणाली. "म्होरं यायला भ्याला."

म्हाळाप्पा खाली बसला. त्या मागच्या अर्ध्या रानाच्या कडब्यावरच हरण्याचं वर्ष निघणार होतं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "मी ज्यांच्यावर दया केली, ती समदी उपाशी ऱ्हायली गं."

मंडळी, आता तुमचं रान! भावकीचं वैर आहे, पुढाऱ्याची हौस आहे, शेजाऱ्याचा हेवा आहे, त्यातच विठ्ठलाचं नाव. सगळंच जपलंय! नाव वाढायचं कुठं? घरी गेलात की बायकोला विचारा, "आधी काय उपटू?" — बघा, बायका आत्ताच हसायला लागल्या. त्यांची यादी तयार आहे!