काचेआडचं ऊन

कासवाचा टब घेऊन आजी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि आजोबांशेजारी बसल्या. मांडीवर मांजर घेऊन बसलेल्या शिंपिणीला सगळं ऐकू येत होतं.

"कवच मऊ पडलंय. पुन्हा तेच, खास दिवा लावा म्हणाले."

"सगळी दुकानं पालथी घातली. मालच येत नाही म्हणतात."

"मग ऊन द्या म्हणाले."

"रोज खिडकीत ठेवतोच की!"

"काच लावून. काचेतून नुसती ऊब येते हो, गुण येत नाही."

"उघडली असती तर खाली पडलं असतं."

"गच्चीवर नेऊ."

"एवढे जिने? माझे गुडघे बघ."

"मी नेते."

"तुला दम लागतो."

"एक जिना तुम्ही, एक जिना मी. बंड्याचं कासव आहे, नातू आपल्या भरवशावर सोडून गेलाय. तो येईपर्यंत जगवायला हवं."

"येतो म्हणालाय का?"

"टब नीट धरा. ऊन उतरायच्या आत पोचायला हवं."