बिडीचं पाणी

नामा, विझव ती बिडी. हो, तुलाच म्हणायलेय. खांबाआड बसलास म्हणून दिसत न्हाईस व्हय? धूर दिसायलाय की. सख्ख्या थोरल्या भावाची शोकसभा हाय, त्याच्या फोटोवरच्या हाराची फुलं अजून सुकली न्हाईत, आन् तू... पायाखाली नको विझवू. बाहेर टाकून ये. आमी थांबतो.

बसा मंडळी, बसा. मला भाषण येत न्हाई. दुसरीतून शाळा सुटली माझी. गुरुजी म्हनले, कौसाबाई, भावाबद्दल चार शब्द बोला, 'ते मनमिळाऊ होते' इथून सुरू करा. मी म्हनलं बरं. पण इथं उभी राहिले तर डोक्यात नुसता राग. रागच आधी बाहेर यायलाय. चालवून घ्या. येलदरीहून माणसं आलीत, जिंतूरच्या गाडीनं पाव्हणे आलेत, गावातल्या साऱ्या गल्ल्या आज आपल्या विहारात येऊन बसल्यात. दवाखान्याचे डाक्टरसाहेब आलेत. किसनदादासाठी आलात. उपकार हायेत तुमचे.

किसनदादा मनमिळाऊ होता. झालं. आता खरं बोलते.

गावाला ठाऊक हाय, पण पाव्हण्यांसाठी सांगते. दादा कालव्याच्या पाटावर पाटकरी होता. चारीचं दार उघडायचं, वावराला पाणी सोडायचं, वेळ झाली की दार बंद करायचं. आता वेळ झाली हे कळायचं कसं? दादाच्या मनगटावर घड्याळ कुठलं! दार उघडलं की बिडी पेटवायची. ती सरली की दुसरी. लहान वावराला दोन बिड्यांचं पाणी, मोठ्याला पाच. साऱ्या गावाला तो हिशोब पाठ. बायासुदिक विहिरीवर म्हणायच्या, 'आज आमचं तीन बिड्यांचं पाणी हाय गं.'

आन् तुमी काय करायचे, सांगू? पाळी आली की बंडल घेऊन पाटावर जायचे. 'घे किसन, आज माझी वढ. सावकाश वढ.' सावकाश वढली की पाणी जादा. हसू नका. हसायलेत बघा! दादापण हसायचा. म्हणायचा, 'कौसे, माझ्या छातीवर गावाची ज्वारी पिकायलीय.' तवा ते बोलणं गमतीचं वाटायचं सगळ्यांना.

मोठा दुष्काळ हटला, त्याच्या पुढच्या साली ती गाडी आली. छातीचा फोटो काढणारी. टीबी हाय का न्हाई ते बघायला. शाळेपुढं उभी केली होती. बाप्ये सदरे काढून, हातात धरून रांगेत उभे. दादा लय खोकायचा म्हणून मीच त्याला ओढत नेला होता. रांगेत एक नर्सबाई फिरायली होती. दादाच्या हातातल्या सदऱ्याकडं बघून म्हनली, "मामा, खिशात काय आहे?"

दादा म्हनला, "घड्याळ."

सारी रांग हसली. बाई हसली न्हाई. रागावलीबी न्हाई. खाली बसली त्याच्या शेजारी, मातीत. विचारायली, सकाळची पहिली बिडी चहाच्या आधी का मागून? कुणासोबत जास्ती होते? सोडून बघितली का कधी? मंडळी, दादाला असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आमी सारे नुसते सोड, सोड म्हणून वरडायचो. ती म्हनली, मामा, फोटोचा निकाल येईस्तोवर तरी हात लावू नका. तलफ येते तशी जाते. ती जाईस्तोवर पाणी प्या, काहीतरी चघळा, हाताला काम द्या.

दादानं खिशातलं बंडल काढलं आन् माझ्या हातात दिलं. तिथंच, रांगेत. भ्याला होता तो. फोटोत काय निघतंय म्हणून भ्याला होता.

मग काय विचारता! झोप न्हाई. वहिनीवर चिडचिड. ताट सरकवून उठायचा. पण टिकला. पाटावर जाताना मी त्याच्या सदऱ्यात फुटाणे भरायची. दार उघडलं की मूठ भरायची, एक एक फुटाणा चावायचा. मूठ सरली की एक बिडी झाली असं धरायचं. तर गाव काय म्हनलं? 'किसन, फुटाण्याचं पाणी कमी पडायलंय. तुझे दात लय जोरात चालायलेत.' सरपंच, सोपानराव, तुमीच म्हनला होता ना? 'बिडीचंच पाणी दे बाबा.' मान खाली घालू नका. मी भांडायला न्हाई उभी राहिले. आज न्हाई.

तरी टिकला दादा. मग निकाल आला. कंपाउंडर पारावर उभा राहून एकेकाचं नाव घ्यायला होता. दादाची पाळी आली. 'किसन. साफ.' झालं, पुढचं नाव.

साफ. आपल्यात साफ कशाला म्हणतात? भांडं साफ झालं म्हंजे खरकटं उरलं न्हाई. वावर साफ झालं म्हंजे काडी उरली न्हाई. दादाला वाटलं, जन्मभराचा धूर छातीतून धुऊन निघाला. पारावरून उठला तो सरळ दुकानात. बंडलं घेतली आन् पेढे वाटावेत तशा बिड्या वाटल्या. 'फोटो साफ आला, घ्या!' आन् तुमी घेतल्या. आनंदानं घेतल्या. काडी कुणी लावली ते मी बोलत न्हाई, ते समोरच बसलेत.

मी पारावर जाऊन वरडले. सगळ्यांदेखत वरडले. दादा म्हनला, "कौसे, सरकारनं आतला फोटो काढून सांगितलंय. सरकारचं ऐकू का तुझं?"

तुमी सांगा, ती नर्सबाई त्या दिवशी कुठं होती? फोटोच्या आधी शेजारी बसणारं माणूस होतं. 'साफ' म्हनल्यावर शेजारी कुणीच न्हाई.

पुढचं तुमी बघितलंच. खोकला परत आला. मग थुंकीत रक्त. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डाक्टर म्हनले, कॅन्सर. मी म्हनलं, साहेब, असं कसं, फोटो साफ होता की! ते म्हनले, "बाई, तो फोटो टीबीसाठी होता. साफ म्हणजे तेव्हा टीबी दिसला नाही. एवढंच. बिडी ओढायची परवानगी नव्हती ती."

एवढंच! हे 'एवढंच' पारावर कुणी का न्हाई म्हनलं?

शेवटी शेवटी दादाचा आवाज गेला होता. कान तोंडाशी न्यावा लागायचा. एक दिवस म्हनला, "नामा पाटावर जायलाय का?" मी म्हनलं, जायलाय, तुझ्या जागी त्यालाच घेतलंय. जरा दम खाल्ला. मग म्हनला, "कशावर मोजायलाय?"

मी त्याचं पांघरूण सारखं करायला लागले. बिडीवरच मोजायलाय, हे त्याला कळलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

म्हणून ही कौसा आज इथं उभी हाय, मंडळी. दादा गेला, त्याला आता कुणी आणत न्हाई. पण नामा हाय. माझा धाकटा. बायकोपोरांचा धनी. बसल्या जागी खोकायलाय, ऐका. त्याचं घर माझ्या भिंतीला भिंत. पहाटे त्याच्या खोकल्यानं मी जागी होते आन् पडून ऐकत राहते. थांबला का? न्हाई. आता थांबला का? दादाचा खोकला असाच सुरू झाला होता. अगदी असाच.

आन् येत्या गुरुवारी ती फोटोची गाडी परत यायलीय. काल दवंडी झाली. सारे म्हनले, बरं झालं. मी न्हाई म्हनलं. फोटो खराब आला तर, ह्याचं भ्या हायच. पण साफ आला तर? त्याचं मला जास्त भ्या वाटायलंय. नामाबी दादासारखा पारावर बिड्या वाटंल, आन् तुमी परत घ्याल.

डाक्टरसाहेब, तुमी शिकलेले, मी अडाणी. पण मला सांगा, गुरुवारी रांगेत माणसाशेजारी बसणारी बाई असंल का न्हाई? निकालाच्या दिवशी असंल का न्हाई? नुसतं साफ म्हणून सोडणार, का 'टीबी न्हाई, पण बिडी सोड, न्हाई जमलं तर माझ्याकडं ये' असं पुरं वाक्य बोलणार? मान हलवू नका. तोंडानं सांगा. आता जमत नसंल तर गुरुवारच्या आत सांगा.

सोपानराव, पंचायतीच्या कपाटावर चावीचं घड्याळ पडून हाय. ते पाटावर द्या. ह्या गावात बिडीचं पाणी बंद. गुरुवारच्या आत.

आन् नामा, तू. सगळ्यांदेखत विचारते, घरात विचारलं की तू उठून जातोस. गुरुवारी मी शाळेपुढं उभी राहीन. फुटाणे पदरात बांधून आणीन. चिडलास तर माझ्यावर चीड, ताट सरकवलंस तर मी परत वाढीन. पण सदरा काढायच्या आधी बंडल माझ्या हातात द्यायचं.

आता उठा सगळे. किसनदादासाठी दोन मिनिटं गप उभं राहू. कुणाला खोकला आला तर दाबू नका. येऊ द्या. कुणाकुणाला येतोय ते मला ऐकायचंय.

नामा, गुरुवार. सकाळी, गाडी यायच्या आत. देणार का न्हाई?