कोळंबीला नमस्कार

तुम्ही हसाल, पण आमच्या नातीने एकदा कोळंबीचा देव केला होता.

माझ्या लेकीने पार्से गावातल्या हिंदू घरात लग्न केलं. मी यहुदी, बिनखवल्याचा मासा खात नाही, म्हणून कोळंबी नाही. आणि पाच वर्षांच्या नातीचा सगळा जीव कोळंबीवर. तिकडे कोळंबीला सुंगटं म्हणतात.

मागच्या खेपेला मी तिकडे असताना दारात मासेवाली आली. टोपलीत सुंगटं बघताच नातीने हात जोडले.

"गो बाय, ह्यां काय करतंस?" मासेवालीने विचारलं.

"आजी गाय खात नाय, कारण गाय आजीचा देव. आबा सुंगटं खात नाय," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "व्याहीबुवा, तुम्ही येणार कळल्यापासून चार दिवस तिने सुंगटाला हात लावला नाय!"

मला मात्र गलबलून आलं. माझ्यापायी पोर आवडीच्या घासाला मुकली होती. मी तिला जवळ घेतलं.

"बाय, तो देव नव्हे. माझी आई खात नसे, म्हणून मी खात नाही. तू खा."

"मग तुमचा देव कसा दिसतो?"

"तो दिसतच नाही गं."

ती विचारात पडली. दुपारी पानात सुंगटांचं हुमण, म्हणजे नारळाच्या रसातलं कालवण, आलं. तिने एक उचललं, कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं.

"आता हे काय?" मी विचारलं.

"चुकून देव असलाच, तर हा प्रसाद," ती म्हणाली, आणि आजीकडे आणखी चार मागितली.