बुजवायची विहीर

बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर अर्चना दापोऱ्याच्या बसची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर एक म्हातारी मावशी आणि तिची भाची बोलत होत्या.

"काय गं रंजिता, तुमच्या कॉलनीतली ती जुनी विहीर बुजवली का?"

"बुजवणारच होते, मावशी. समितीत ठरावही झाला. अध्यक्ष समाधानभाऊ म्हणाले, सगळे कचराच टाकतात तिच्यात, त्यापेक्षा पार्किंग करू."

"मंग?"

"पण ठेकेदार म्हणाला, आधी गाळ काढा, नाहीतर पुढे जमीन खचेल. मशीन लावलं, आठवडाभर गाळच निघत होता. प्लास्टिक, फुटकी टाकी, एक सायकलसुद्धा! मग खाली उतरलेला माणूस एकदम ओरडला, 'बंद करो, मशीन बंद करो!'"

"अगं बाई! दबला का काय?"

अर्चनाची मान आपोआप मागे वळली.

"नाही ना. मशीन बंद झालं, तर खालून झुळझुळ ऐकू आली. दगडातून पाणी फुटलं होतं, मावशी. एकदम साफ पाणी! इतकी वर्षं आम्ही टँकरमागे धावलो आणि ते आमच्या पायाखालीच होतं. पूरी कॉलनी काठावर येऊन वाकून पाहत होती."

"अन् तो तुमचा अध्यक्ष?"

"त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या अन् हात जोडले."

"मंग गाड्या कुठं लावता आता?"

"बाहेर सडकेवर, उन्हात. पण विहीर बुजवा असं आता कोणी म्हणत नाही."